टकटक वरची का खालची

आमच्या घरमालकीणबाईंनी मला खोली दाखवायच्या आधी जीभ बाहेर काढायला लावली. मी हिंगोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बादली, आणि दारात एक ठेंगण्या, पांढऱ्याशुभ्र साडीतल्या बाई माझ्या घशात टॉर्च मारून उभ्या.

"पित्त हाय," त्या म्हणाल्या. "वरची खोली घ्या. खाली फोडणीचा वास येतो, तुमाला झेपायचा न्हाई."

त्या निवृत्त नर्स होत्या. जिल्ह्यातल्या कितीतरी उपकेंद्रांवर त्यांनी नोकरी केली होती. त्यांना नाव होतं, आडनावही होतं, पण गावात ते कुणी वापरत नसे. लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नागपूरहून त्यांची सख्खी मोठी बहीण आली, तीही फाटकातूनच ओरडली, "जयभीम सिस्टर! हाय का घरात?"

नोकरी सुटली होती, पण पेशंट काही सुटले नव्हते. घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या दृष्टीनं कशानं ना कशानं आजारी असायची. पाण्याची मोटर धाप टाकायची. कुकरचं बीपी वाढायचं. मोरीतल्या नळाला कफ झालेला असायचा. खांद्याशी साडीला उलटं टांगलेलं एक छोटं घड्याळ त्या अजूनही लावत, आणि त्यात बघून माझ्या पंख्याची नाडी मोजत. "सर, ह्याला जरा आराम द्या. थकून राहिला."

त्यांची आणखी एक खोड म्हणजे त्यांचं 'आपण'. "सर, आज आपण गच्ची झाडणार आहोत," असं त्या म्हणाल्या की मी झाडू घ्यायचा असतो हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. जन्मभर सुई टोचायच्या आधी "आता आपण थोडं सहन करणार आहोत" असं सांगितल्यामुळे त्यांना ती सवय लागली असावी. सहन कोण करणार, याबद्दल त्यांच्या मनात कधीच शंका नसे.

तालुक्यातल्या माणसांना त्या चेहऱ्यावरून नाही, रडण्यावरून ओळखत. एकदा औंढ्याच्या रस्त्यावर एका वाहतूक पोलिसानं आमची गाडी अडवली. चांगला उंचापुरा, मिशीवाला गडी. "कागदं दाखवा बाई." सिस्टरांनी चष्मा वर केला, त्याच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तू पुसेगावचा ना? गोवराच्या सुईला माझ्या हाताला चावला व्हतास. ही खूण बघ." मागं जीपमध्ये त्याचे दोन सहकारी बसले होते. ते पोट धरून हसायला लागले. त्या बिचाऱ्यानं कागदं न बघताच आम्हाला सलाम ठोकला. पुढं गेल्यावर मी विचारलं, "खरंच हाच चावला होता का?" सिस्टर म्हणाल्या, "कोण जाणे. त्या गावातली समदीच लेकरं चावकी व्हती."

ही गाडी म्हणजे एक जुनी, पांढरी, लांबोडकी मोटार होती. ती बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून निघून गेली होती. निवृत्त होता होता सिस्टरांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली, त्याच वयात गाडी चालवायला शिकल्या आणि त्या दिवसापासून एसटीत पाय ठेवला नाही. गाडी सुरू केली की त्या लगेच निघत नसत. "झोपलेल्या माणसाला एकदम उभं करत न्हाईत. आधी बसवायचं, मंग पाय खाली सोडायचे." तोवर आम्ही दोघं आत बसून राहायचो आणि गाडी पाय खाली सोडत असायची.

या गाडीला एक दिवस टकटक सुरू झाली.

आवाज मोठा नव्हता. कुणी बोनेटच्या आत बसून नखानं स्टीलचा डबा वाजवत असावं, तसा. सिस्टरनी वेग वाढवला की तोही वाढवायचा. पहिले काही दिवस त्यांनी गाडीला बोलून बघितलं. मग स्टेथोस्कोप काढला. मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं, कारण मला गाडी चालवता येत नसली तरी पाय होते. "आपण आता हळू हळू रेस देणार आहोत," म्हणाल्या आणि इंजिनच्या छातीवर इथं तिथं नळी टेकवत फिरल्या. शेवटी सरळ उभ्या राहून निदान दिलं, "वरचं दुखणं हाय. पोट साफ हाय."

गावात एकच माणूस असा होता, ज्याच्या हातात त्या ही गाडी द्यायच्या. ते म्हणजे मिस्त्री. ईदगाहकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं आणि मागंच घर. मिस्त्री आणि सिस्टर यांचं भांडण कधीपासून चाललं होतं हे त्यांनाही आठवत नसावं. विषय नेहमी एकच, कोण जास्त जाणकार. मिस्त्रींची एकुलती एक मुलगी पुसेगावच्या उपकेंद्रात सिस्टरांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे हे भांडण घरचं मानलं जायचं. मुलगी त्यांना 'सिस्टर खाला' म्हणायची, म्हणजे सिस्टर मावशी.

मिस्त्रींनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनला लावलं, मूठ डाव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून जाहीर केलं, "नीचे का काम है. बेअरिंग गया. पूरा इंजिन उतारना पडता."

"वरचं हाय मिस्त्री."

"सिस्टर, तुमी सुया टोचा. हे माझं काम हाय."

"मी ऐकलं ना कानानं."

"मैं क्या नाक से सुना?"

खरं तर हा वाद महिनाभर आनंदानं चालला असता. पण मिस्त्रींच्या मुलीचं लग्न अगदी तोंडावर आलं होतं आणि तिनं लहानपणापासून एकच हट्ट धरला होता. सासरी जायचं तर सिस्टर खालाच्या गाडीतून. "जिनके हाथ पे आई, उनकी गाडी में जाऊंगी." त्यावर कुणाचं काही चालत नव्हतं.

अडचण अशी की तिचं सासर कुरुंद्याचं होतं आणि सासरच्यांचंही गॅरेज होतं. आजूबाजूच्या हळदीच्या पट्ट्यातले सगळे ट्रॅक्टर त्यांच्याच दारात दुरुस्त व्हायचे. सासरा, त्याचे दोन भाऊ, नवरदेव, सगळेच कानाचे पक्के. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं ते चित्र दिवसरात्र नाचत होतं. मुलीची पाठवणी, सगळे पाहुणे उभे, बायका रडतायत, आणि गाडी आपली टक टक टक टक. "मिस्त्री की बेटी, और ऐसी गाडी में?" असं कुरुंद्याचा एकही माणूस तोंडानं म्हणणार नव्हता. नुसती मान वाकडी करून ऐकणार होता. ते जास्त वाईट.

"नांदेडहून नवी गाडी मागवतो," मिस्त्री म्हणाले.

मुलीनं त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरनीही जेवण केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की पाठिंबा दिल्याशिवाय उपासाला जोर येत नाही. संध्याकाळी मात्र त्यांच्या स्वयंपाकघरातून भजी तळल्याचा वास वर माझ्या खोलीपर्यंत आला, आणि मी खाली डोकावलो तर त्या म्हणाल्या, "तोंडाला चव यावी म्हणून. ह्याला जेवण म्हणत न्हाईत."

मेंदीच्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी हात टेकले आणि गाडी आत घ्यायला सांगितलं. गॅरेजच्या एका बाजूला मंडपवाले बांबू रोवत होते, दुसऱ्या बाजूला बोनेट उघडलेली गाडी. मिस्त्रींनी पुन्हा पेचकस घेतला आणि पुन्हा डाव्या कानाला लावला. सिस्टर त्यांच्या मागं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मारला आणि मिस्त्रींच्या डाव्या खांद्यामागून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या लुंगीला इस्तव लागला."

मिस्त्री शांतपणे ऐकत राहिले. इंजिनला.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. ग्राइंडरचे, हातोड्याचे, सायलेन्सरचे आवाज ऐकून ऐकून त्यांचा डावा कान कधीच निकामी झाला होता. त्यांना फक्त हादरे कळत होते, आणि हादरे खालूनच जास्त येतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टरनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझा शब्द घशातच राहिला. मग त्या मिस्त्रींच्या समोर गेल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, ह्या बाजूनं ऐका बरं. तिकडं मंडपवाल्यांचा गोंधळ लई हाय. उजवा कान लावा."

मिस्त्रींनी कुरकुरत बाजू बदलली. पेचकस वर लावला. खाली लावला. पुन्हा वर लावला. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि ती जाईना.

"अब्बा, वायरा निकाल के देखो ना."

हे म्हणणारी नवरी होती. ती मागच्या दारात खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीनं भरलेले, आणि ते हवेत असे वर धरलेले की जणू कुणी बंदूक रोखली आहे. मैत्रिणींना आत ढकलून ती इथं येऊन बसली होती. तिचं बालपण याच गॅरेजात गेलं होतं. "एकेक प्लगची वायर काढा. आवाज बदलला तर खालचं. न्हाई बदलला तर वरचं. झगडा कायकू?"

सिस्टरनी पर्समधून रबरी हातमोजे काढून मिस्त्रींपुढं धरले. मिस्त्रींनी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू कुणी त्यांना बांगड्या भरायला सांगितलंय. उघड्या हातानं पहिली वायर ओढली, आणि पुढच्या क्षणी ते एक पाऊल मागं उडाले.

"आपण मोजे घालणार आहोत," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी मोजे घातले. एकेक वायर काढली, लावली. इंजिन प्रत्येक वेळी लंगडलं, थरथरलं, पण टकटक मात्र जशीच्या तशी. मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला.

"ऊपर का है," ते म्हणाले. "मैं कलच बोलनेवाला था."

सिस्टर जिंकल्या होत्या, आणि जिंकल्यावर गप्प बसणं हे त्यांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. पण त्यांचा आनंद फार टिकला नाही. इंजिन थोडं थंड झाल्यावर मिस्त्रींनी वरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, आणि बोटाला लागलेलं काळं, घट्ट, काकवीसारखं तेल सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"ये कौनसा तेल डाला सिस्टर?"

सिस्टर मंडपाच्या बांबूंकडं बघायला लागल्या.

"सिस्टर, मैं पूछ रहा हूं."

"टॉनिक हाय ते," सिस्टर म्हणाल्या. "एका शेतकऱ्यानं प्रेमानं दिलं व्हतं. ट्रॅक्टरचं. मी म्हटलं गाडीचं वय झालं, घट्ट खुराक चांगला."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर सणाचा उजेड पडला. मला त्यांनी जवळ बोलावून समजावलं, म्हणजे खरं तर सिस्टरांना ऐकवलं. इंजिनला हवा देणाऱ्या झडपा असतात. त्या झडपांवर एकेक छोटी लोखंडी वाटी असते, तिला टॅपेट म्हणतात. या गाडीतल्या वाट्या आत तेल भरून घेतात आणि मधली फट बुजवून टाकतात, म्हणून आवाज येत नाही. पण तेल आत शिरायचं भोक सुईच्या नेढ्याएवढं. तिथं मळ बसला, त्यात वरून घट्ट तेल, मग वाटी उपाशी राहते, ढिली पडते आणि ठोके देते. "सर, इतक्या बारीक सुईतून इतकी घट्ट दवा जाती का? नर्स बाईला इचारा जरा."

सिस्टरनी बोनेटवर हलकेच थोपटलं. मग म्हणाल्या, "पेशंटनं माहिती लपवली. मी काय करू?"

आता आजारी वाटी कोणती, हे शोधायचं होतं. सिस्टरांचं मत तिसरी. मिस्त्रींचं मत शेवटची. नवरीनं हात वर धरूनच मान लांब केली. "दाबून बघा ना अब्बा. लाकडानं." मिस्त्री लाकडाचा तुकडा घेऊन एकेक दाबत गेले. सगळ्या घट्ट होत्या. दुसरी मात्र हलत्या दाढेसारखी आत गेली. दोघंही चुकले होते, त्यामुळे दोघंही एकदम खूश झाले.

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. मिस्त्रींनी ती वाटी काढली. सिस्टरनी घरून आणलेल्या, दवाखान्यातल्या वाकड्या ट्रेमध्ये डिझेल ओतलं आणि वाटी त्यात बुडवली. मग पर्समधून इंजेक्शनची सिरिंज निघाली. त्या पर्समध्ये आणखी काय काय होतं ते देवच जाणे. भोकाला सुई लावून त्या डिझेल आत मारू लागल्या, मिस्त्री वाटीचा मधला भाग दाबून सोडू लागले. "दाबा. सोडा. दाबा. सोडा." आतून मिस्त्रींच्या बायकोचा आवाज येत होता की पाहुणे आले, आचारी तेल मागतोय, नवरी कुठंय, नवरीचा बाप कुठंय. इकडं नवरीचा बाप आणि सिस्टर कपाळाला कपाळ लावून दाबा सोडा करत होते. एकदम सुईच्या टोकाशी मोहरीएवढा काळा खडा निघाला. सिस्टर आनंदानं ओरडल्या, "झाली! मोकळी झाली!" मंडपावर चढलेला एक माणूस खाली बघून म्हणाला, "मुलगा का मुलगी?"

सगळं जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, पातळ चांगलं तेल भरलं, वाटी तेलात बुडवून जागेवर बसवली, झाकण लावलं. मला पुन्हा ड्रायव्हरच्या जागी बसवलं. मी किल्ली फिरवली.

टक टक टक टक.

कुणी कुणाकडं बघेना. नवरीचे हात हळूहळू खाली यायला लागले. सिस्टरांचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला. त्या अगदी हळू म्हणाल्या, "बंद करा सर. मागवा नांदेडची गाडी."

"नक्को," मिस्त्री म्हणाले. "चालू रहने दो. तेल भरने दो."

"मिस्त्री, उगं..."

"सिस्टर, आपण आता थोडं सहन करणार आहोत."

मी कधी सिस्टरांना कुणी गप्प केलेलं पाहिलं नव्हतं. त्या गप्प झाल्या. मिस्त्रींनी पेचकस उचलला आणि या वेळी कुणी न सांगता उजव्या कानाला लावला. सिस्टरनी स्टेथोस्कोप लावला. एका इंजिनवर दोघं दोन बाजूंनी ओणवे. मंडपवाल्यांनी ठोकाठोक थांबवली. आचारी झारा घेऊन येऊन उभा राहिला. टकटक जरा विरळ झाल्यासारखी वाटली. मग पुन्हा आली. मग एक ठोका चुकला. मग आणखी एक. आणि मग, नेमकी कधी ते कुणालाच सांगता आलं नाही, ती गेली. नुसती घुर्र अशी मांजरासारखी घुरघुर उरली.

नवरीनं उडी मारली आणि दोन्ही हातांनी बापाला मिठी घातली. मिस्त्रींच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागं दोन्ही पंजे उमटले, मेंदीच्या वेलबुट्टीसकट. तिची मेंदी मग पुन्हा काढावी लागली, आणि तिच्या आईनं आम्हा तिघांना जे जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाह झाला. पाठवणीच्या वेळी मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं नाचत होतं तेच चित्र होतं. सगळे पाहुणे उभे, बायका रडतायत. कुरुंद्याची माणसं गाडीभोवती जमली होती आणि रडण्याच्या मधून मधून त्यांच्या माना वाकड्या होत होत्या. नवरी नवरदेवासोबत मागं बसली, मी पुढं, सिस्टर स्टिअरिंगवर. सगळं झालं, तरी गाडी हलेना. नवरदेवाचे चुलते खिडकीशी वाकून म्हणाले, "बाई, टाइम हो रहा. गाडी चालू तो करो."

"कवाची चालू हाय," सिस्टर म्हणाल्या. "पाय खाली सोडून राहिली."

चुलत्यांनी बोनेटवर हात ठेवून बघितला. मग तोच हात कपाळाला लावून गाडीला सलाम केला. मिस्त्री हे सगळं लांबून बघत होते. रडत होते की हसत होते, ते त्या गर्दीत कळलं नाही.

कुरुंदा येईपर्यंत ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि गाडीच्या काचा पिवळसर झाल्या होत्या. सासरच्या दारात सासरा आमच्या आधीच पोचला होता. त्याची स्वतःची जीप दारातच चालू उभी होती. ती रोज तशीच वाजत असावी, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नसतं. पण आमची गाडी तिच्या शेजारी जाऊन थांबली, बिनआवाजी, आणि एकदम सगळ्या अंगणाला जीपचा आवाज ऐकू आला. टक टक टक टक.

बायका स्वागताचं ताट घेऊन होत्या तिथंच थांबल्या. पुरुष एकमेकांकडं बघू लागले. सासऱ्यानं खाकरून घेतलं. मागच्या सीटवर ओढणीच्या आत हालचाल झाली आणि नव्या सुनेनं सासऱ्याला उद्देशून सासरचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"मामूजान, ऑइल कब बदले थे?"

सिस्टरांनी तोंडावर पदर धरला, पण हसू पदराच्या बाहेर आलं. सासऱ्याचे भाऊ आधी दचकले आणि मग गडगडून हसले. सासरा स्वतः जीपपाशी गेला, किल्ली बंद केली, परत आला, आणि दार उघडून अगदी गंभीरपणे म्हणाला, "बेटी, पहले पानी तो पी ले. बादमें बोनट खोलते."

परतताना वाटेत मी सिस्टरांना म्हणालो, "पहिल्याच दिवशी सासऱ्याला असं बोलायचं म्हणजे धाडसच."

त्यांनी गाडीचा वेग जरा कमी केला.

"सर, समदी लेकरं जन्मल्या जन्मल्या रडतात," त्या म्हणाल्या. "ही रडली न्हाई. मी पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या दिल्या, तरी न्हाई. माझं काळीज थांबलं व्हतं. आणि ही बया डोळे उघडून खोलीभर बघून राहिली, कोण कोण आलंय, काय काय हाय. समदं बघून झालं, मंग बोंबलली. ते घर आता तिचं झालं बघा."